चोवीस तास, चोवीस पाने



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. कॉमिक्स म्हणजे शाळकरी पोरांनी भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचावयाची वस्तू. तिला इतिहास तो कसला असणार, आणि असलाच तर त्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मी आताच देत नाही. हा विषय माझ्याकडे कसा आला तेवढे आधी सांगतो. कारण तो ग्रंथालयातून आलेला नाही, घरच्या ओटीवरून आलेला आहे.

माझे वडील पाट्या रंगवीत. दुकानांच्या पाट्या, मालमोटारींच्या मागची अक्षरे, आणि निवडणूक जवळ आली की भिंती. भिंतींचे काम रात्रीचे. दिवसा रहदारी असते, ऊन असते, आणि दुसऱ्या पक्षाची माणसे भिंत आधी अडवतील ही धास्ती असते. म्हणून रात्री चुना मारून उजाडण्यापूर्वी अक्षरे उभी करावी लागत. मजुरी फुटावर मिळे. लहानपणी त्यांच्यामागे बत्ती धरून मी कितीतरी रात्री उभा राहिलो आहे. पुढे संगणकावर छापलेले फ्लेक्सचे फलक आले आणि पाहता पाहता तो धंदा बसला; परंतु माझी चित्रकलेच्या शिक्षणाची फी त्या फुटांच्या हिशेबातूनच भरली गेली.

२००९ साली मी शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला, शनिवारी, आम्ही आठ विद्यार्थ्यांनी एक खूळ केले. सकाळी दहाला बसावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने चोवीस पानांची एक चित्रकथा आरंभापासून अखेरपर्यंत पुरी करावयाची. परदेशात त्याच दिवशी ठिकठिकाणी माणसे असेच बसणार होती, हे आमच्यातल्या एकाने संगणकावर वाचले होते. योगायोग असा, की त्याच रात्री कोजागरी होती; तेव्हा जागण्याला घरातून हरकत निघाली नाही. रविवारी दुपारी मी तांबारलेल्या डोळ्यांनी घरी गेलो. वडिलांनी माझ्या हातातली चळत पाहिली आणि विचारले, "किती मिळाले?"

"काही नाही, अण्णा. असंच केलं."

"मग रात्र कोणासाठी जागलास?"

मला उत्तर देता आले नाही. आज जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नामागे हिंडताना हाती लागलेले आहे.

प्रथम ह्या खेळाचे नियम सांगतो. ते स्कॉट मॅक्लाउड ह्या अमेरिकन चित्रकाराने १९९० साली घातले. कथा चोवीस पानांची, वेळ सलग चोवीस तास, काम एकट्याचे. लिहिणे, पेन्सिलीने आखणे, शाई फिरविणे, फुग्यांतली अक्षरे काढणे, सर्व एकाच हाताने. आधी काही ठरवून यावयाचे नाही; कथानक नाही, कच्चे आराखडे नाहीत, पात्रांचे चेहरेसुद्धा नाहीत. कागद, दौत, संदर्भाची चित्रे आणि खाणे-पिणे तेवढे जमवून ठेवण्यास मुभा आहे. डुलकी काढावी, जेवावे; परंतु घड्याळ थांबत नाही. ताशी एक पान हा हिशेब ऐकण्यास सोपा वाटतो. अमेरिकेतल्या मासिक कॉमिक्सचा एक अंक साधारण तेवढ्याच पानांचा असतो, आणि एका चांगल्या चित्रकाराला त्यासाठी महिना पुरत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातली मेख कळते.

आधी न ठरवता चित्रकथा काढणे ही कल्पना मात्र मॅक्लाउडची नव्हे. तिचा मूळपुरुष एक शाळामास्तर आहे. रोडोल्फ टॉप्फर हा जिनीव्हा शहरात मुलांची निवासी शाळा चालवी. बाप चित्रकार, मुलालाही तेच व्हावयाचे होते, पण डोळे अधू निघाले. तेव्हा तेलरंगांचा नाद सोडून तो संध्याकाळी आपल्या विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी लेखणीने गोष्टी काढू लागला. १८२७ साली त्याने पहिली गोष्ट रेखाटली. १८३३ पासून त्याची पुस्तके छापून निघाली. वृद्ध गटेने ती हस्तलिखितात पाहून वाखाणली होती. १८४५ साली टॉप्फरने एक निबंध लिहिला, त्यातले म्हणणे मोठे मार्मिक आहे: कसाबसा का होईना, एक चेहरा काढा, त्या चेहऱ्यावर काही ना काही भाव हा उमटतोच, मग हा गृहस्थ असा का दिसतो म्हणून स्वतःला विचारा, की गोष्ट सुरू झाली. म्हणजे ह्या कलेचा पाळणा शाळेत हलला, आणि तोही हौसेखातर. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. कारण पुढची शंभर वर्षे लोटल्यावर तिचे रूप अगदी पालटलेले दिसते.

आता न्यूयॉर्कला जावयाचे. १९२९ चे आर्थिक अरिष्ट येऊन गेले आहे. पुष्कळ गिऱ्हाइके बेकार, छापखान्यांची यंत्रे रिकामी. वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका एकत्र बांधून दहा सेंटांना विकल्या तर खपतात, हे काही व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले; आणि जुन्या मालिका संपल्यावर नव्या हव्या झाल्या. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांचा 'सुपरमॅन' प्रसिद्ध झाला. त्या मानसपुत्राचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरना लिहून दिले होते. प्रकाशकांना त्यातून काय मिळाले हा हिशेब आजही चालूच आहे. मागणी अशी उसळली, की चित्रकथांचे कारखाने निघाले. विल आयस्नर आणि जेरी आयगर ह्यांनी १९३६ साली असा एक कारखाना काढला, तेव्हा आयस्नर अवघा एकोणीस वर्षांचा होता. ओळीने मेजे मांडलेली. एकाने पेन्सिलीने आकृती काढावयाच्या, दुसऱ्याने शाई फिरवावयाची, तिसऱ्याने अक्षरे, चौथ्याने काळे भाग भरून खोडरबराने पान पुसावयाचे. मोबदला पानावर. बहुतेक मुले स्थलांतरित ज्यूंची आणि इटालियनांची. जाहिरातीच्या बड्या कचेऱ्यांत त्यांना कोणी उभे करीत नव्हते. आपल्याकडे फुटावर भिंत रंगविणाऱ्याला ह्या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

ह्या कारखानदारीतली एक रात्र, खरे म्हणजे एक शनिवार-रविवार, पुढे दंतकथा होऊन बसली. १९४१ सालची गोष्ट. लेव्ह ग्लीसन नावाच्या प्रकाशकाला चौसष्ट पानांचे एक सबंध पुस्तक तातडीने हवे होते. नायक 'डेअरडेव्हिल' आणि खलनायक खुद्द हिटलर. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, ती त्या वर्षीच्या डिसेंबरात उतरली. चार्ल्स बिरो आणि बॉब वुड ह्या दोघांनी काम घेतले आणि ओळखीच्या चित्रकारांना गोळा केले. सहासात जण एका खोलीत कोंडून बसले. त्यांत जेरी रॉबिन्सन हा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. कोलंबिया विद्यापीठात शिकत शिकत तो 'बॅटमॅन'ची पाने काढी. बाहेर बर्फाचे तुफान सुरू झाले, रस्ते बुजले, खोलीतले खाणे संपले. त्यांतल्या एकाला बर्फातून बाहेर पाठविले, तो कितीतरी वेळाने थोडी अंडी घेऊन परतला. तवा नव्हता, तेव्हा न्हाणीघरातल्या फरश्या उचकटून त्यांच्यावर ती भाजली, अशी हकीकत सांगतात. ह्या मंडळींनी पुढे सांगितलेल्या आठवणींत तपशिलांचा मेळ नेहमीच बसत नाही, आणि पन्नास वर्षांनी सांगितलेल्या पराक्रमात तो बसावा अशी अपेक्षाही करू नये. पुस्तक मात्र खरे आहे. त्याच्यावर जुलै १९४१ हा महिना छापलेला आहे.

त्या रात्रींविषयी ही माणसे बोलत तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे, उलट एक प्रकारची मिजास असे, हे मला प्रथम कोड्यात टाकी. पिळवणूक झालेल्या माणसाने पिळवणुकीची आठवण अशी काढावी? परंतु त्यांना आठवत होते ते प्रकाशकाचे घाईचे फर्मान नव्हे. आठवत होता तो एका मेजाभोवतीचा सहवास, शेजारच्याची रेघ पाहून आपली रेघ सुधारण्याची चुरस. कारखाना हीच त्यांची कलाशाळा होती. ग्लीसन हा त्या काळच्या मानाने उदार प्रकाशक होता. बिरो आणि वुड ह्यांना त्याने पुढे नफ्यात वाटा दिला, हेही सांगितले पाहिजे. इतरांच्या नशिबी तसे धनी नव्हते. ह्याच जेरी रॉबिन्सनने १९७५ साली, नील अॅडम्स ह्या दुसऱ्या चित्रकाराबरोबर, सीगल आणि शूस्टर ह्यांची बाजू घेऊन खटपट केली. सुपरमॅनच्या जनकांपैकी शूस्टरची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. त्या खटपटीने दोघांना दर वर्षी वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले आणि त्यांची नावे पुन्हा कथेवर छापली जाऊ लागली. १९४१ साली चौसष्ट पानांसाठी जागलेला तो मुलगा पुढे पान कोणाचे, ह्या प्रश्नासाठी उभा राहिला.

असाच एक प्रकार जपानात झाला. तोकियो शहरात तोकिवा-सो नावाची एक दुमजली लाकडी चाळ होती. खोल्या साडेचार चटयांच्या, स्वयंपाकघर आणि संडास सामाईक; गिरगावातल्या माणसाला तिचे वर्णन वाचून परके वाटणार नाही. १९५३ साली तेथे ओसामू तेझुका राहावयास आला. पुढल्या वर्षी तो गेला आणि त्याच्या खोलीत दोन मित्र आले, जे 'फुजिको फुजिओ' ह्या एकाच नावाने लिहीत. दूरचित्रवाणीवर आपल्याकडची मुले जे 'डोरेमॉन' पाहतात, ते ह्यांतल्या एकाचे. मागाहून शोतारो इशिनोमोरी आला, इतरही आले. कोणाची मासिकाची मुदत संपत आली की शेजारच्या खोलीतला उठून येई, चौकटी आखी, पार्श्वभूमी भरी. १९५५ च्या आरंभी फुजिको जोडी नववर्षासाठी गावी गेली आणि एकाच वेळी अनेक मासिकांच्या मुदती चुकल्या. काम हातचे जाण्याची वेळ आली. चाळीतल्या एकमेकांच्या आधारावर ते पुन्हा उभे राहिले. ही चाळ १९८२ साली पाडली आणि २०२० साली तशीच पुन्हा बांधून तिथे संग्रहालय केले.

ह्या जागरणांचे कौतुक करताना मला नेहमी तीन आकडे आठवतात. तेझुका १९८९ साली साठाव्या वर्षी वारला. इशिनोमोरी १९९८ साली, तोही साठाव्या वर्षी. 'डोरेमॉन'चा कर्ता १९९६ साली बासष्टाव्या वर्षी. प्रत्येकाचा आजार निराळा होता. रात्रीच्या कामानेच ते गेले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु जपान हा दीर्घायुषी माणसांचा देश आहे, आणि हे तिघेही जन्मभर मुदतीच्या मागे धावले, एवढे नोंदवून पुढे जावे असे वाटते.

आता मॅक्लाउड आणि त्याचा मित्र स्टीव्ह बिसेट ह्यांच्याकडे वळू. बिसेट हा जो क्यूबर्टच्या शाळेचा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. क्यूबर्ट स्वतः कोवळ्या वयात त्या न्यूयॉर्कच्या कारखान्यांतून शिकलेला. कारखान्यात जे चालता बोलता कानावर पडे ते शिस्तीने शिकवावे, म्हणून त्याने १९७६ साली न्यू जर्सीतल्या डोव्हर गावी शाळा काढली. तेव्हा धंद्यातल्या दोन पिढ्यांची साखळी येथे जुळते.

१९८८ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन गावी काही चित्रकार जमले आणि त्यांनी कलावंतांच्या हक्कांची एक सनद केली. बारा कलमांची ही सनद मुख्यतः मॅक्लाउडने लिहिलेली होती. आपण निर्माण केलेल्या कृतीची मालकी आपली, तिचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आपला, असा तिचा मथितार्थ. सीगल-शूस्टरच्या १३० डॉलरांना पन्नास वर्षांनी दिलेले हे उत्तर होते. सनदेत बिसेट होता, रिक व्हीच होता, 'निंजा टर्टल्स'चा एक जनक केव्हिन ईस्टमन होता, कॅनडाचा डेव्ह सिम होता. ही नावे मी मुद्दाम वाचली. कारण दोनच वर्षांनी चोवीस तासांच्या खेळात प्रथम जे उतरले, त्यांत हीच नावे पुन्हा भेटतात. एका हाताने मालकाच्या मुदतीचा जाच झुगारून देणारी माणसे दुसऱ्या हाताने स्वतःच्या गळ्यात त्याहून कठोर मुदत बांधून घेतात, हा विरोधाभास नव्हे काय?

घडले ते असे. मॅक्लाउड आणि बिसेट दोघेही संथ कामाबद्दल प्रसिद्ध होते. बिसेटची गंमत अशी, की तो सहज बसला असता हातासरशी सुंदर चित्र काढी, पण छापावयाचे पान आले की त्याचा हात अडखळे. मॅक्लाउडने त्याला आव्हान दिले: एका दिवसात चोवीस पाने काढून दाखव, मीही काढतो. मॅक्लाउडने आपला वाटा ३१ ऑगस्ट १९९० रोजी उचलला, बिसेटने पुढल्याच आठवड्यात. दोघांनीही पुरी केली! सिमने अशा काही कथा आपल्या मासिकाच्या मागच्या पानांत छापल्या आणि खूळ पसरले.

पसरण्यात अपयशी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि मला तोच भाग विशेष आवडतो. नील गेमन हा इंग्रज लेखक. त्याच्या चित्रकथा आजवर इतरांनी काढलेल्या. त्याने स्वतः कुंचला घेऊन हेलिओगाबालस ह्या रोमन बादशहाची कथा काढावयास घेतली. चोवीस तास भरले तेव्हा तेरा पाने झाली होती. त्याने कथा तिथेच मिटविली. ईस्टमनचेही चोवीस तासांत झाले नाही. तो मात्र उठला नाही, पाने पुरी होईपर्यंत काढीतच राहिला. मॅक्लाउडने ह्या दोघांनाही बाद केले नाही. वेळ संपताच थांबणे हा 'गेमन-प्रकार' आणि पाने संपेपर्यंत बसणे हा 'ईस्टमन-प्रकार' असे नाव देऊन त्याने ही दोन्ही सन्माननीय अपयशे नियमातच बसविली. मुदत चुकली म्हणून कारखान्यात पैसे कापले जात. येथे मुदत चुकविणाराचे नाव लावतात. विरोधाभासाचे उत्तर मला वाटते येथे कोठेतरी आहे. एकादशीचा उपास आणि घरात दाणा नाही म्हणून पडलेला उपास, दोन्हींत पोट रिकामेच असते. पण पहिला मनुष्य द्वादशीला ताठ मानेने पान वाढून घेतो.

पुढचा प्रसार थोडक्यात सांगतो. नॅट गर्ट्लर ह्या प्रकाशकाने २००४ साली अशा कथांचा संग्रह काढला आणि त्याच वर्षी २४ एप्रिल रोजी, तारीखही चोवीसच, सर्वांनी एकाच दिवशी बसावे अशी प्रथा पाडली. ती मागाहून ऑक्टोबरात गेली. कॉमिक्सची दुकाने रात्रभर उघडी राहू लागली, मेजे मांडून देऊ लागली. फ्रान्समध्ये आंगुलेम गावी, जेथे चित्रकथांचा मोठा वार्षिक मेळा भरतो, तेथे २००७ साली लुईस त्राँदाइम ह्याच्या पुढाकाराने असाच चोवीस तासांचा सोहळा सुरू झाला. तेथे आरंभी सर्वांना एक समान अट सांगतात, ती कथेत गुंफावी लागते. व्हरमाँट राज्यात व्हाइट रिव्हर जंक्शन गावी २००५ साली व्यंगचित्रकलेची एक शाळा निघाली, आणि तिच्यात २०२० पर्यंत शिकवीत होता कोण, तर बिसेट. संथपणाबद्दल आव्हान घेतलेला मनुष्य मास्तर झाला. टॉप्फरची शाळा सुटली होती ती अशी पुन्हा भरली.

आता ह्या जागरणातून निपजते काय? मी लपवीत नाही: बहुतेक चित्रकथा सामान्य निपजतात. निवांतपणे काढलेल्या चांगल्या कथेशेजारी त्या ठेववत नाहीत. ज्यांना रात्रीचे जागरण सोसत नाही, ज्यांना घरी लहान मूल आहे, त्यांना हा खेळ बाहेर ठेवतो, हाही आक्षेप खरा आहे. आमच्या आठांपैकी तीन मुली होत्या. एकीच्या घरून रात्री दहाला भाऊ न्यावयास आला आणि तिची अकरा पाने तेथेच राहिली. तिची रेघ आम्हां सर्वांत चांगली होती.

आमची रात्र सांगतो म्हणजे बाकीचे कळेल. कोणाच्या तरी मामाचे रिकामे घर मिळाले होते. कार्ट्रिज कागदाचे तुकडे आदल्या दिवशी कापून ठेवले होते, क्रोक्विलच्या टाका, काळ्या शाईच्या बाटल्या, दोन थर्मास. मी राजदरबारातल्या एका कारकुनाची कथा धरली. पहिल्या पानाला मला दोन तास लागले. महिरप काढली, कमानीवरची वेलबुट्टी काढली, कारकुनाच्या अंगरख्याची प्रत्येक चुणी काढली. संध्याकाळी सहाला पाचवे पान चालू होते. माझ्यासमोर कोल्हापूरकडची एक मुलगी एकाच जाड कुंचल्याने काढीत होती. तिचे तेव्हा नववे पान संपले होते. मी मनातून तिच्या रेघेला ओबडधोबड म्हणत होतो. रात्री गच्चीवर चंद्राला दूध दाखवून आम्ही ते प्यालो, वीस मिनिटे गेली.

दोननंतर बोलणे बंद झाले. एक जण कागदावरच डोके टेकून झोपला आणि उठला तेव्हा त्याच्या गालावर त्याच्या नायिकेचा उलटा फुगा उमटलेला होता. तेवढ्यावर आम्ही पाच मिनिटे हसलो. मग पुन्हा टाकांचा खरखर आवाज. तीनच्या सुमारास माझे बोट आखडले. बारीक रेघ निघेना. वेलबुट्टी सुटली, चुण्या सुटल्या. जेवढ्यावाचून गोष्ट अडेल तेवढेच हाताने काढावयाचे ठरविले, मला विचारले नाही. नवव्या पानावर तो कारकून दरबारातून निघून रस्त्यावर आला. का आला ते मला ठाऊक नव्हते. समोर एक भिंत होती. भिंतीला शिडी होती. शिडीवर एक मनुष्य पाठमोरा उभा राहून अक्षर काढीत होता, आणि त्याच्या सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर चुन्याचा डाग होता. तो डाग काढल्यावर मला कळले की हे कोण आहे.

त्यानंतरची दहा पाने सात तासांत झाली. कारकून कथेतून नाहीसा झाला; त्याला निरोप देण्याइतकाही वेळ नव्हता. सकाळी दहा वाजले तेव्हा माझ्यापाशी एकोणीस पाने होती. गेमन-प्रकार. आठांत दोघांची चोवीस पुरी झाली, त्यांत ती जाड कुंचल्याची मुलगी. आम्ही कोपऱ्यावर मिसळ खाल्ली आणि आपापल्या वाटेने गेलो.

हीच ती चळत, जी घेऊन मी दुपारी ओटीवर उभा होतो आणि वडिलांनी विचारले होते, रात्र कोणासाठी जागलास. मी उत्तर न देता पाने त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावला. कारकुनाची पाने भराभर उलटली. वेलबुट्टीकडे त्यांनी पाहिलेही नाही. भिंतीच्या पानावर थांबले. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग शिडीवर बोट ठेवून म्हणाले, "इतकी उभी नाही लावायची. पाठीवर येईल माणूस."

मी म्हटले, "घाईत काढली, अण्णा."

त्यांनी पुढचे पान पाहिले, त्याच्या पुढचे पाहिले, आणि पुन्हा मागे येऊन म्हणाले, "रात्र आहे ना ही? मग बत्ती कोण धरलीय?"

कोणीच धरली नव्हती. दहाच्या दहा पानांत मी ती कोठे काढलेली नव्हती. आणि नियमाप्रमाणे वेळ संपून गेली होती.